पंखा, माईक आणि मग रेकॉर्डर

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतलीत. तिन्ही हळू आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दल आहेत, म्हणजे स्पीकर नाही, डीजे नाही, माणूस नाहीतर वाद्य समोर आणि आपण एक छोटं मशीन घेऊन बसलेलो. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यातलं काम मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्या गावातल्या तीन-चार म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायलोय. आधी मोबाईलवर केलं, आता झूम एच१एन हा छोटा रेकॉर्डर घेतलाय. पण आवाज लई बारीक येतो आणि वाढवला की मागं सूंऽऽ असा आवाज यायलाय. एका ओळखीच्यानं सांगितलं की मोठा रेकॉर्डर घे. तीस हजारापर्यंत जमवता येतील. कोणता घ्यावा कळंना.

उत्तर : सर, रेकॉर्डर घ्यायची घाई करू नका. आधी तो सूंऽऽ येतो कुठून ते शोधू, कारण तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो, खोलीतून, माईकमधून किंवा माईकच्या पुढच्या सर्किटमधून ज्याला प्रीअँप म्हणतात, आणि तिन्हीचा इलाज वेगळा आहे. लोक सरळ तिसऱ्यावर पैसे घालतात आणि बिघाड असतो पहिल्यात.

एक टेस्ट करा, फुकटची आहे. ज्या खोलीत ओव्या घेता तिथंच, त्याच वेळेला, गेन (मशीन माईकचा आवाज किती वाढवून घेतं ते) तोच ठेवून कुणीही न बोलता मिनिटभर रेकॉर्ड करा. मग गेनला हात न लावता तोच रेकॉर्डर जाड गोधडीत गुंडाळून लोखंडी पेटीत नाहीतर कपाटात बंद करा आणि आणखी मिनिटभर घ्या. दोन्ही फाईली हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नाही. पेटीतली फाईल एकदम शांत झाली असेल तर सूंऽऽ खोलीतला आहे, पंखा, लांबची मोटार, ट्यूबलाईटचा चोक, फ्रिज, शेजारची पिठाची गिरणी. दोन्हीत जवळपास सारखाच असेल तर तो मशीनचा. मग पुढं बोलू.

बहुतेक घरांत दोन्ही थोडं थोडं निघतं, आणि त्यात खोलीचा वाटा माणसाला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. छताचा पंखा चालू असला की खोलीतला आवाज सहज चाळीस डेसिबलच्या आसपास जातो. पंखा बंद, रात्रीची वेळ, गावाकडचं घर, तर तोच वीस-पंचवीसवर येऊ शकतो. आता चांगल्या माईकचा स्वतःचा आवाज पंधराच्या आत असतो, म्हणजे पंखा चालू ठेवून तुम्ही कितीही भारी माईक लावा, रेकॉर्ड होणार पंखाच. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीत म्हातारीला पंखा बंद करून बसवणं हा तर छळ आहे, तेव्हा हे काम मार्गशीर्ष-पौषात ठेवा. थंडीत रातकिडेही गप्प असतात, पावसाळ्यात ते अख्खं रेकॉर्डिंग खाऊन टाकतात. लाईट गेली असेल ती वेळ तर सोन्याची समजा, फक्त इन्व्हर्टर बंद करून ठेवा, नाहीतर तो घूं करत राहतो.

जागा निवडता येत असेल तर पत्र्याची खोली टाळा. पत्रा थंडीत तडतडतो, पाखरं वर नाचतात आणि आवाज टणटण परत येतो. स्लॅबची रिकामी खोलीही घुमते. आपल्याकडं अजून माळवदाची घरं आहेत ना, वर मातीचा थर, भिंती दोन-अडीच फूट जाड, त्यांच्याइतकी चांगली खोली या कामाला तुम्हाला पुण्यात भाड्यानं मिळणार नाही. माती आवाज पिते आणि बाहेरचं आत येऊ देत नाही. जातं त्याच घरात असलं तर प्रश्नच मिटला. नसलं तर साध्या खोलीत भिंतीवर दोन-तीन वाकळा टांगा आणि धान्याची भरलेली पोती आहेत तिथंच राहू द्या, हलवू नका.

आता अंतर. हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. रेकॉर्डर तोंडापासून जितका लांब तितका गाण्याचा आवाज कमी पोचतो, खोलीचा आणि मशीनचा मात्र तेवढाच राहतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो. तुम्ही खाटेवर रेकॉर्डर ठेवून तीन मीटरवरून घेत असाल आणि तो पाऊण मीटरवर आणला, म्हणजे दोनदा निम्मं, तर बारा डेसिबल मिळाले. गेन बारानं कमी करता येतो, सूंऽऽ पण बारानं खाली जातो. इतका फरक दुसरा रेकॉर्डर घेऊन बहुतेक वेळा मिळत नाही.

पण जात्याजवळ जायचं तर जातं स्वतः घरघरतं आणि ते जमिनीतून स्टँडमध्ये चढतं. स्टँडच्या पायांखाली चार घड्यांची गोधडी घाला, रेकॉर्डर जमिनीवर कधी ठेवू नका, हातात तर मुळीच धरू नका. माईक बाईच्या तोंडाच्या उंचीला, दीड-दोन फुटांवर, जरा बाजूला. अगदी समोर ठेवला की प-फ-भ ला फुगा फुटल्यासारखा आवाज येतो आणि मुख्य म्हणजे म्हातारी त्याच्याकडं बघत बसते. दोघी मिळून दळत असतील आणि एकीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं असं असेल तर दोघींच्या मधोमध. बांगड्यांचा किणकिणाट येईल, येऊ द्या, बांगड्या काढायला सांगू नका. घरघरही पूर्ण घालवू नका, ओवीची लय त्या खुंट्याच्या फेऱ्यावर बसलेली असते, ती काढली तर ओळी मध्येच का थांबतात ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

एच१एनमध्ये ऑटो लेव्हल बंद करा. ते चालू असलं की बाई श्वास घ्यायला थांबली की मशीन गेन वाढवतं आणि सूंऽऽ वर येतो, गायला लागली की परत खाली, आणि हे ऐकायला फार वाईट लागतं. लो-कट, म्हणजे खालचे जाड आवाज कापणारं बटण, तेही या कामाला बंदच बरं, नंतर कॉम्प्युटरवर करता येतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. सर्वात मोठा आवाज मीटरवर उणे बारा ते उणे अठराच्या मध्ये राहू द्या, वरती शून्यापर्यंत भरायची गरज नाही. मोबाईलवर तुमचं का बिघडलं तेही यातच आहे. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, एकसारखा चालणारा आवाज त्याला नॉईज वाटतो आणि तो दाबतो. जात्याची घरघर एकसारखी, तानपुरा एकसारखा, म्हणजे नेमकं जे हवं तेच तो कापतो. नंतर सॉफ्टवेअरनं नॉईज काढणारेही हेच करतात, तेव्हा साफसफाई करायचीच तर अगदी थोडी, आणि मूळ फाईल न बदललेली बाजूला ठेवून.

इतकं सगळं केल्यावरही पेटीतली टेस्ट सांगत असेल की सूंऽऽ मशीनचा आहे, तर मग पैसे माईकवर घाला. माईकच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघायचे. एक सेल्फ नॉईज, डीबीए मध्ये देतात, जितका कमी तितका बरा. दुसरा सेन्सिटिव्हिटी, मिलिव्होल्ट पर पास्कल, जितका जास्त तितका बरा. पहिला सगळे बघतात, दुसरा कुणी बघत नाही आणि स्वस्त रेकॉर्डरवाल्याला तोच वाचवतो. माईकच जोरात बोलला तर रेकॉर्डरच्या प्रीअँपचा सूंऽऽ त्याच्याखाली बुडून जातो.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला, एच१एन ठेवा आणि त्याच्या साडेतीन मिलिमीटरच्या माईक सॉकेटला प्रिमो ईएम२७२ कॅप्सूलच्या छोट्या माईकची जोडी लावा. पक्ष्यांचे, जंगलातले आवाज टिपणारे लोक हे कॅप्सूल भरपूर वापरतात. सेल्फ नॉईज १४ डीबीए, सेन्सिटिव्हिटी जवळपास ४० मिलिव्होल्ट, म्हणजे साध्या रेकॉर्डरलाही पुरून उरेल इतका जोर. चालायला फक्त प्लग-इन पॉवर, म्हणजे त्याच सॉकेटमधून मिळणारी थोडी वीज लागते, ती एच१एन देतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. तयार माईक परदेशातून मागवले तर कस्टम लागतं ते धरून चला, हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर नुसते कॅप्सूल आणून केबल जोडता येते. हे माईक चारी बाजूंनी सारखं ऐकतात, तेव्हा जातं नको म्हणून पाठ फिरवून चालत नाही, जवळच जावं लागतं. आणि हलगी, संबळ जवळून घ्यायला हे नकोत, त्यांच्या जोरावर फाटतील.

दुसरा रस्ता मोठा आहे. एक्सएलआर इनपुट (तीन पिनांच्या माईक वायरीचं) आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे त्याच वायरीतून माईकला जाणारी वीज, असलेला रेकॉर्डर आणि रोड एनटी१-ए सारखा एक मोठ्या डायफ्रामचा माईक. याचा सेल्फ नॉईज ५ डीबीए आहे, म्हणजे तुमच्या गावातली कुठलीही खोली त्यापेक्षा मोठ्यानं बोलत असेल. हा एका बाजूनंच नीट ऐकतो, सोनेरी ठिपका असलेली बाजू बाईकडं, पाठ जात्याकडं, की घरघर हवी तेवढीच राहते. एका माणसाच्या आवाजाला एकच माईक पुरतो, स्टिरिओचा हट्ट नको. भाव इथं देत नाही, अंक हातात पडेपर्यंत बदललेले असतात, पण दोन्ही नवं घेऊन तीस हजारात बसणं अवघड जाईल, रेकॉर्डर वापरलेला बघा. वापरलेला घेताना दोन्ही इनपुटवर फँटम चालू करून, गेन पूर्ण वाढवून हेडफोनवर ऐका, एका बाजूला कडकड येत असेल तर सोडून द्या.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला रस्ता घेतला असता आणि उरलेले पैसे एका बऱ्या क्लोज्ड हेडफोनवर आणि दोन हार्डडिस्कवर घातले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या एक लाखावर ओव्या जमल्या, मराठवाड्यातल्या बायकांच्याही त्यात आहेत, आज त्यातल्या बऱ्याच पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाईटवर वाचायला मिळतात. पण बहुतेक ओव्या लिहून घेतलेल्या, आवाज त्यातल्या थोड्यांचाच आहे. शब्द कागदावर राहतात हो, चाल राहत नाही. म्हणून तुमच्या एच१एनवरची सूंऽऽवाली फाईलही पुसू नका. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात गाव, तारीख, बाईचं नाव, माहेर कुठलं ते बोलून ठेवा आणि हे कुठं वापरणार ते तिला आधी सांगा, तिची परवानगीही त्याच फाईलीत येऊ द्या.

प्रश्न : लातूरहून लिहितोय. गुरुजींचं गाणं, सोबत फक्त तानपुरा आणि स्वरमंडळ, असं घरीच रेकॉर्ड करतो. ३२ बिट फ्लोटचा नवा रेकॉर्डर घेतला, दुकानदार म्हणाला आता गेन बघायचीच गरज नाही, नॉईज पण येत नाही. माईक आमच्या भजनी मंडळाचा एसएम५८ आहे. आवाज वाढवला की हिस आहे तशीच. मशीन खराब निघालं का?

उत्तर : मशीन चांगलं आहे, सांगणाऱ्यानं दोन गोष्टी एकत्र केल्या. ३२ बिट फ्लोटनं वरची बाजू सुटते, म्हणजे गुरुजींनी तार सप्तकात अचानक जोर लावला आणि २४ बिटवर आवाज फाटला असता, तो इथं नंतर खाली ओढून परत मिळतो. लाईव्ह कामाला हे फार उपयोगी आहे. खालच्या बाजूला मात्र त्याचा काही संबंध नाही. हिस, म्हणजे वरच्या पत्रातला सूंऽऽ, तयार होते ती आवाजाचे आकडे होण्याच्या आधी, माईकमध्ये आणि प्रीअँपमध्ये, आणि एकदा ती आत आली की ३२ बिट तिलाही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. २४ बिटलाच कागदावर १४४ डेसिबलची जागा असते, कुठल्याही माईकला लागते त्यापेक्षा ती जास्त, त्यामुळं बिटांची अडचण कधी नव्हतीच.

तुमची अडचण एसएम५८ आहे. माईक उत्तम आहे, भजनात हातात धरून तोंडाजवळ गायला त्याच्यासारखा नाही, पण सेन्सिटिव्हिटीत तो देतो १.८५ मिलिव्होल्ट, आणि वर सांगितलेला एनटी१-ए देतो २५. तेरा पटीहून जास्त फरक, डेसिबलमध्ये बाविसेक. तेवढा गेन तुमच्या प्रीअँपला जास्त द्यावा लागतो आणि तेवढीच हिस वर येते. हिशोब करून सांगतो, रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात ईआयएन म्हणून आकडा असतो, म्हणजे प्रीअँपची स्वतःची हिस, जितका खाली तितका बरा, हातात मावणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डरांचा उणे १२० डीबीयूच्या आसपास. त्यावर एसएम५८ लावला की हिस साधारण २६ डेसिबलची खोली असावी इतकी होते. झूम एफ३ सारख्या रेकॉर्डरचा उणे १२७ आहे, त्यावर ती १९ वर येते. तोच उणे १२० वाला रेकॉर्डर एनटी१-ए सारख्या चांगल्या कंडेन्सरबरोबर (फँटम पॉवरवर चालणाऱ्या माईकबरोबर) लावा, प्रीअँपनं जेमतेम दोन-अडीच डेसिबलची भर पडते, बाकी सगळं माईकचंच.

तेव्हा माईक बदला, रेकॉर्डर ठेवा. लगेच शक्य नसेल तर माईक आणि रेकॉर्डरच्या मध्ये लावायचे छोटे बूस्टर मिळतात, क्लाउडलिफ्टर वगैरे, फँटम पॉवरवर चालतात आणि वीस-पंचवीस डेसिबल स्वच्छ वाढवून देतात. पण तानपुऱ्याची जवारी, तो बारीक झिणझिणणारा भाग, एसएम५८ सारख्या डायनॅमिक माईकमध्ये लांबून नीट येतच नाही. ती हवी असेल तर कंडेन्सरच लागेल, आणि माझ्या मते तानपुरा नीट आला नाही तर ते रेकॉर्डिंग अर्धंच आहे. तानपुऱ्याला वेगळा माईक नको, वाजवणाऱ्याला गुरुजींच्या मागं जरा एका बाजूला बसवा आणि माईक एक-दोन वीत इकडं तिकडं करून हेडफोनवर तोल जमवा. गाणं सुरू व्हायच्या आधी, स्वर लावताना हे करून घ्यायचं, नंतर उठून माईकला हात लावायचा नाही.

प्रश्न : नांदेडला आमच्या घरी महिन्यातून एकदा बिनमाईकची बैठक असते, सतार, बासरी, कधी दिलरुबा. वीसेक लोक. दोन रोड एनटी५ माईक आणि फँटमवाला रेकॉर्डर आहे. माईक कुठं ठेवू, आणि ९६ किलोहर्ट्झवर करू का?

उत्तर : ९६ नको. फाईल दुप्पट होते आणि हिस, खोकला, खुर्ची यातलं काहीच कमी होत नाही. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण एक जीबी, अडीच तासांची बैठक आरामात मावते. फक्त तुमचा रेकॉर्डर दोन की चार जीबीवर फाईल तोडतो ते आधी बघून ठेवा, आणि तोडताना मधला काही भाग गाळत नाही ना याची एकदा घरी खात्री करा.

एनटी५ चा सेल्फ नॉईज १६ डीबीए आहे, सतारीला पुरतो, दिलरुब्याच्या अगदी हळू आलापाला जरा काठावर. म्हणून श्रोत्यांच्या मागून नाही, कलाकार आणि पहिल्या रांगेच्या मधूनच घ्या. दोन्ही माईक एकाच स्टँडवर, कॅप्सूलमध्ये १७ सेंटिमीटर अंतर, आपसात ११० अंशाचा कोन, याला ओआरटीएफ म्हणतात आणि बसून वाजवणाऱ्या दोन-तीन लोकांना ते छान बसतं. कलाकारापासून मीटर-सव्वा मीटर, उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी, तोंड जरा खाली. नुसती सतार असेल तर घोडीच्या दिशेनं बघू द्या, मिजराबीचा टकटक जास्त वाटला तर वीतभर वर न्या. बासरीला अगदी समोर ठेवू नका, फुंकेचा वारा माईकमध्ये जातो, जरा वरून आणि बाजूनं घ्या. तबला असेल तर तबलजीला माईकपासून फूटभर मागं सरकवा, गेन कमी करून तो प्रश्न सुटत नाही, कारण मग सतार परत हिसमध्ये जाते.

रेकॉर्डर चार्जरवर लावून चालवू नका, स्वस्त अडॅप्टरमधून ५० हर्ट्झची घूं आणि वरची किरकिर दोन्ही येतात. फँटम पॉवर बॅटरी लवकर खाते, तेव्हा पॉवर बँक लावा, नाहीतर चार्ज होणाऱ्या सेलचा जादा जोड ठेवून मध्यंतरात बदला. पाय पसरून बसणाऱ्यांना स्टँडच्या वायरीपासून लांब बसवा, वायर सतरंजीखालून न्या, आणि ज्या खोलीत बैठक त्याच खोलीत फ्रिज असेल तर तेवढे दोन-अडीच तास त्याचं बटण बंद करा, दूध नासत नाही.